दौलताबादचा हौद आणि पर्यटनाचा पेपर

१९३४ साली तीसेक माणसं काही बस आणि मोटारी भाड्यानं घेऊन नाशिकहून वेरूळची लेणी पाहायला निघाली. वाटेत दौलताबादचा किल्लाही पाहायचा होता. दौऱ्याचा कार्यक्रम मुद्दामच कुठे जाहीर केला नव्हता. मंडळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली होती आणि अनोळखी मुलखात उतरायला जागा, प्यायला पाणी मिळेल याचा भरवसा नव्हता. त्यांच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. वाटेतल्या धुळीनं माखलेल्या काही जणांनी तिथं हातपाय-तोंड धुतलं आणि सगळे दरवाजापाशी आले, तोच मागून आरडाओरडा सुरू झाला: हौद बाटवला! माणसं जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर आलं. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. ही अट पाळली जाते की नाही हे पाहायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. शिवाशीव धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही, हे त्यांना त्यातून दाखवायचं होतं.

पर्यटनाच्या विद्यार्थ्याच्या नजरेनं हा मजकूर वाचला तर त्यात काय नाही? सहलीचा आराखडा आहे, वाहन आहे, मुक्कामाची चिंता आहे, पाहण्याचं ठिकाण आहे, प्रवेशाची परवानगी आहे, पाण्याची सोय आहे, पाहुणा आणि यजमान आहेत, आणि प्रवास करायचा हक्क नेमका कोणाला, हा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बी.ए.च्या पर्यटनाच्या क्रमिक पुस्तकांत दौलताबाद येतं ते खंदक, भुयारी अंधारी वाट, चाँदमिनार आणि १३२७ साली मुहम्मद तुघलकानं हलवलेली राजधानी एवढ्यापुरतं. हौद येत नाही. समाजशास्त्राच्या तासाला अस्पृश्यता शिकवली जाते, पण तिथं किल्ला येत नाही. एकाच महाविद्यालयात, एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या वर्गांत हे दोन तास चालतात आणि मधली भिंत कोणी ओलांडत नाही. ही भिंत पाडायला हवी, आणि ती पाडण्याची संधी सध्या अभ्यासक्रमात चालून आली आहे, म्हणून हा लेख.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याइतकी या विषयाला सोयीची जागा देशात क्वचितच असेल. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांच्या जोडीला देवगिरी म्हणजेच दौलताबाद, खुलताबादचे दर्गे, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरासाठी बांधलेल्या नहरी, विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबादची बौद्ध लेणी. आणि शिक्षणाचं बोलायचं तर १९५० साली बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ साली स्थापन झालेलं मराठवाडा विद्यापीठ, ज्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ज्या हौदापाशी त्यांना अडवलं गेलं तिथून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत, सोळा वर्षांनी, त्यांनी मुलांना शिकायला बोलावलं. विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्यात कला शाखेची महाविद्यालयं तर तालुक्यातालुक्यांत आहेत. लेणी, विद्यार्थी आणि शिक्षक एकमेकांपासून एका एसटीच्या अंतरावर आहेत.

पदवी पातळीवर पर्यटन आलं ते प्रामुख्यानं नोकरीच्या काळजीतून. १९९४-९५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं पहिल्या पदवीत व्यावसायिक विषय घालण्याची योजना आणली. त्या यादीत 'पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन' होतं. मुंबई विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला उपयोजित घटक म्हणून 'ट्रॅव्हल अँड टुरिझम' घेता यायचं. भूगोलाच्या विभागांनी 'पर्यटन भूगोल' आणला, इतिहासाच्या विभागांनी 'वारसा आणि पर्यटन' अशा धर्तीचे पेपर आणले. २०१४ मध्ये बी.व्होक. आलं. प्रत्येक वेळी हेतू एकच सांगितला गेला: बी.ए. झालेल्या मुलाला काहीतरी काम मिळावं.

हेतूत वाईट काही नाही. घरोघरी बारावीनंतर विचारलं जातंच, "बी.ए. करून काय करणार?" आणि त्याचं ठरलेलं उत्तर असतं, "एमपीएससी." स्पर्धा परीक्षेच्या जागा मोजक्या आणि बसणारे लाखांत, हे उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक असतं. अशा वेळी पर्यटन हा शब्द आशादायक वाटतो. शासनाच्या पर्यटन धोरणांतही रोजगाराचे मोठाले आकडे असतात. अडचण आहे ती या रोजगाराच्या नावाखाली वर्गात काय शिकवलं गेलं त्यात.

पेपर उघडा. पर्यटनाची व्याख्या, पर्यटनाचे प्रकार, पर्यटनाचे घटक. थॉमस कूकनं ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं सहल नेली, हा एक हमखास प्रश्न. पासपोर्ट, व्हिसा, विमानतळांची तीन अक्षरी नावं, आरक्षणाच्या अमेडियस-गॅलिलिओसारख्या प्रणाली, सहलीचा खर्च काढण्याची पद्धत. शेवटी बटलरचं पर्यटनस्थळाचं जीवनचक्र: शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं, साचलेपण, आणि मग घसरण किंवा नवी उभारी. आकृती काढा, पाच गुण.

यातलं प्रत्येक कलम मुळात समाजशास्त्रांचं आहे, पण तसं शिकवलं जात नाही. कूकचंच घ्या. तो दारूबंदीच्या चळवळीतला माणूस. त्यानं नेलेली गाडी दारूबंदीच्या सभेला चालली होती. कारखान्यांच्या इंग्लंडमध्ये कामगाराला सुट्टीचा दिवस मिळू लागला होता, रेल्वेमुळे प्रवास त्याच्या खिशाला परवडू लागला होता, आणि त्या मोकळ्या दिवशी तो गुत्त्यात जाऊ नये म्हणून सुधारकांची धडपड चालली होती. पर्यटनाचा आधुनिक धंदा या तिन्हींच्या संगमातून उभा राहिला. हे सांगायला इतिहासाचा, अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा शिक्षक लागतो. परीक्षेच्या मार्गदर्शकात मात्र उरते फक्त तारीख. बटलरनं १९८० साली मांडलेल्या जीवनचक्राचंही तेच. माथेरान, महाबळेश्वर किंवा म्हैसमाळ त्या वक्ररेषेवर नेमकं कुठं आहे, आणि तिथं तुम्ही ते कशावरून ठेवलंत, हे विचारलं तर तो दहा दिवसांच्या पायपिटीचा प्रकल्प होतो. आकृती काढा म्हटलं की पाच मिनिटांचं काम.

आणि ज्या तंत्रकौशल्यासाठी हा सगळा खटाटोप, ते टिकलं का? आयआरसीटीसीनं २००२ साली रेल्वेची तिकिटं ऑनलाइन केली. विमान कंपन्यांनी त्याच दशकात एजंटांचं कमिशन कमी कमी करत आणलं. घरबसल्या मोबाइलवर तिकीट काढणाऱ्या ग्राहकाला विमानतळाची तीन अक्षरं पाठ असलेला पदवीधर कशाला हवा? मग २०२० आलं. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये ते सुमारे २७ लाखांवर आले. लेण्यांना कुलपं लागली. त्या काळात ज्याच्याकडे फक्त आरक्षणाची विद्या होती तो हात बांधून बसला. जो लिहू शकत होता, नोंदी करू शकत होता, गावाचं सर्वेक्षण करू शकत होता, त्याला निदान दुसरा दरवाजा ठोठावता आला. अरुंद कौशल्य शिकवणं म्हणजे व्यवहारीपणा, या समजुतीला त्या वर्षानं चांगलाच तडाखा दिला.

आता लेण्यात येऊ. सुट्टीच्या कोणत्याही दिवशी (मंगळवार सोडून, मंगळवारी वेरूळ बंद आणि सोमवारी अजिंठा) सोळा नंबरच्या कैलास लेण्यात अर्धा तास उभं राहिलं की एका मागोमाग एक चार-पाच कैलास ऐकायला मिळतात. एकाच्या मते हे माणसाचं कामच नव्हे. दुसऱ्याच्या मते बरोबर अठरा वर्षांत पूर्ण झालं. तिसरा मोबाइलवर परग्रहावरच्या माणसांचा व्हिडिओ दाखवतो. चौथ्याकडे फक्त टनांचे आकडे असतात. पर्यटक माना डोलावतात, फोटो काढतात, पुढे जातात.

कैलासाबद्दल खरोखर जे ठाऊक आहे ते या कोणत्याही कहाणीपेक्षा रंजक आहे. शेजारच्या पंधरा नंबरच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या पहिल्या कृष्णाच्या नावावर कैलास जातं, आणि त्याला आधार आहे तो वेरूळमध्ये नव्हे, तर बडोद्याला सापडलेल्या, नवव्या शतकाच्या आरंभीच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात. एलापूरच्या डोंगरावरचं ते देऊळ पाहून देवही चकित झाले आणि घडवणाऱ्या कारागिरालाच आपण हे कसं केलं याचं नवल वाटलं, असा त्यातला आशय आहे. म्हणजे "हे माणसाचं काम नव्हे" ही भावना आजच्या व्हिडिओची नाही, बाराशे वर्षांपूर्वीची आहे. फरक इतकाच की त्या ताम्रपटानं कारागिराला विसरू दिलं नाही. पुढे मराठीत कृष्ण याज्ञवल्कींच्या 'कथाकल्पतरू'त वेगळीच कथा येते. राणीनं शिखर दिसेपर्यंत उपास धरला, आणि पैठणच्या कोकसा नावाच्या कारागिरानं वरून खाली खोदायला घेऊन आठवड्यात तिला शिखर दाखवलं. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवा. खोदकाम वरून खाली झालं हे लोकांनी कसं ध्यानात ठेवलं, त्याची ती नोंद आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. धवलीकर यांनी या कथेची दखल घेतली आणि संपूर्ण कैलास एकाच राजाच्या काळात पुरा झाला नसावा, असंही दाखवलं.

अजिंठ्यातही असंच. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथनं लेणी 'शोधली' हे वाक्य सगळे म्हणतात. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं कोरलेलं नावही दाखवतात. पण लेण्याच्या कुशीतल्या गावांना ती ठाऊकच नव्हती का, हा प्रश्न विचारला की वर्ग जागा होतो. वाकाटक हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं सोळाव्या लेण्यात, भिक्षू बुद्धभद्रानं सव्विसाव्यात लेख कोरवले. त्यांच्यासारख्या आधारांवर वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानं जवळजवळ अख्खं आयुष्य घालवून अशी मांडणी केली की अजिंठ्याचा दुसरा बहर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जेमतेम वीस वर्षांतला आहे. अनेकांना ती पटली, काहींना नाही. २०१९ मध्ये स्पिंक गेले, वाद चालू आहे. विद्यार्थ्याला हा वाद शिकवायला हवा. पर्यटकालाही तो सांगता येतो. आजवरच्या अनुभवावरून मी म्हणेन की पर्यटकाला खात्रीच्या बढाईपेक्षा प्रामाणिक वाद अधिक आवडतो, फक्त सांगणाऱ्याला तो नीट माहीत हवा.

गाइड हा आपल्या समाजातला सर्वांत जास्त ऐकला जाणारा इतिहासाचा शिक्षक आहे. प्राध्यापकाच्या वर्गात चाळीस मुलं असतात, त्यांतली वीस हजर. गाइडपुढे वर्षभरात हजारो माणसं उभी राहतात. शाळेच्या सहली, नवविवाहित जोडपी, श्रीलंका-थायलंड-जपानचे बौद्ध यात्रेकरू, आणि पांढरे कपडे घालून गावोगावाहून येणारी आंबेडकरी कुटुंबं, जी अजिंठ्याला सहलीला नव्हे, आपल्या घरी आल्यासारखी येतात. एकाच शिल्पापुढे या सगळ्यांशी काय बोलायचं? एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन, अशी वेरूळची विभागणी सांगून भागत नाही. शेजारी शेजारी तीन धर्म कसे राहिले, कोणी कोणाच्या लेण्याची नक्कल केली, कोणाचं लेणं कोणी वापरलं, हे सांगताना एक चुकीचा शब्द माणसं दुखावू शकतो, दोन समाजांतल्या वादाच्या आगीत तेल ओतू शकतो. ही जबाबदारी आपण ज्याच्यावर टाकतो त्याला आपण शिकवतो काय, तर संभाषणकौशल्य, टापटीप पोशाख आणि हसतमुख स्वागत.

गाइडचा अधिकृत परवाना मिळवायला पर्यटन मंत्रालयाच्या पातळीवर प्रशिक्षण लागतं. ग्वाल्हेरला मुख्यालय असलेली, १९८३ साली सुरू झालेली भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था या क्षेत्राचं शिक्षण देते. गोव्यातही तिचं केंद्र आहे. परवाना हवाच. पण परवान्याआधीची तीन वर्षं विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात असतो, आणि पाया तिथं घातला जातो किंवा राहून जातो.

लेण्याबाहेरही पाहण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिथं अर्थशास्त्राची गाठ पडते. अजिंठ्याला खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात. तिथून लेण्यांपर्यंत बस. जपानी कर्जाच्या मदतीनं राबवलेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पातली ही व्यवस्था. चित्रांना धूर आणि गर्दीपासून वाचवण्यासाठी ती गरजेची होती, याबद्दल वाद नाही. पण दुकानं लेण्याच्या पायथ्यावरून टी-पॉइंटला आली तेव्हा कोणाचा धंदा वाढला, कोणाचा बसला? स्फटिक आणि रंगीत दगड विकणारी मुलं कोणत्या गावची? तो दगड येतो कुठून, विहिरीच्या खोदकामातून की खाणीतून? डोलीवाल्याला एका फेरीचे किती मिळतात आणि पावसाळ्यात तो काय करतो? पर्यटकाच्या शंभर रुपयांतले सोयगाव तालुक्यात किती थांबतात आणि शहरातल्या हॉटेलात किती जातात? अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. आमच्याकडे बहुतेक वेळा कॅरेबियन बेटांचं उदाहरण देऊन ती शिकवली जाते. फर्दापूरचं उदाहरण द्यायला फर्दापूरला जावं लागतं, पाच दिवस बसून मोजावं लागतं. दुसऱ्या वर्षाची आठ मुलं हे करू शकतात. त्यांतली दोन त्याच गावची असतात, हा आणखी एक फायदा.

असं शिकण्याची आपल्याकडे परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, पण पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि मावळातल्या वाटा त्यांनी पायांखाली घातल्या. सूक्ष्म अश्मास्त्रं, धनगरांच्या वाटा, तिठ्यावरची शेंदूर लावलेली देवी, कार्ल्याचं लेणं आणि घाटातून कोकणात उतरणारा जुना व्यापारी मार्ग, हे सगळं त्यांना एकाच रेषेवर दिसलं. ते दिसलं कारण ते चालले. इरावती कर्वे वारीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि भक्तीच्या त्या ओघातही एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांनी मनाला लागल्यासारखं नोंदवलं. त्याही आधी विष्णुभट गोडसे वरसईहून दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, आणि त्यांच्या 'माझा प्रवास'नं मराठीला त्या काळाचा एक सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त दिला. आपल्याकडचं उत्तम समाजशास्त्रीय लिखाण पायी चालता चालता झालं आहे. पर्यटनाच्या अभ्यासक्रमात ही नावं नसतात, समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात असली तरी चालणं नसतं.

महाराष्ट्रातल्या इतर जागांकडे पाहिलं तरी हेच ठळक होतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात गर्दी आवरेना तेव्हा वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी शुल्क, नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा आणली. पुस्तकातली 'धारणक्षमता' ही तिथं भांडणं, बैठका आणि गावकऱ्यांच्या रोजंदारीतून उभी राहिलेली गोष्ट आहे. माथेरानला मोटारीला बंदी आहे, म्हणून तिथं माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवून ती सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं. घोडेवाले, रिक्षावाले, ई-रिक्षा आणि निसर्ग यांचा हा झगडा राज्यशास्त्राच्या वर्गात संविधानाच्या तासाला घ्यावा, पर्यटनाच्या तासालाही घ्यावा. गोव्यात तर १९८० च्या दशकात चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटनाविरुद्ध 'जागृत गोंयकारांची फौज' उभी राहिली होती. किनारा कोणाचा, पाणी कोणाचं, असे प्रश्न विचारले गेले. गोव्याचा पर्यटनाचा विद्यार्थी हॉटेलच्या स्वागतकक्षात उभा राहण्याआधी ही चळवळ शिकला तर तो नोकरी वाईट करील असं मला वाटत नाही. पाहुण्याशी तो अधिक समजून बोलेल.

आता महाविद्यालयाच्या आत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. मुलांच्या तोंडी आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, ओजेटी, क्रेडिट हे शब्द असतात. इतिहास मेजर घेऊन भूगोल मायनर घेता येतो, वाणिज्य शाखेची मुलगी पर्यटनाचा दोन क्रेडिटचा ओई म्हणजे खुला पर्यायी विषय घेऊ शकते, सगळ्यांना क्षेत्र प्रकल्प करावा लागतो, आणि पदवीच्या अखेरीला चार क्रेडिटचं कार्यप्रशिक्षण म्हणजे ओजेटी असतं. एका प्रात्यक्षिक क्रेडिटला तीस तास धरले तर हे १२० तास होतात. कागदावर मी जी भिंत म्हणतो ती पडलीच आहे.

प्रत्यक्षात स्टाफरूममध्ये पहिला शब्द ऐकू येतो तो 'वर्कलोड'. विद्यार्थी ज्या विषयाला, तास त्या विषयाला, आणि तास ज्याला, पद त्याला. समाजशास्त्राकडे चौदा मुलं आणि पर्यटनाकडे साठ, असं झालं की दोन विभागांनी मिळून पेपर तयार करावा ही कल्पना मागे पडते आणि मुलं कोणाची याची ओढाताण सुरू होते. त्यात पर्यटन बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, शिकवणारे तासिका तत्त्वावर. या वर्षी इथं, पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात. दरवर्षी बदलणारा शिक्षक फर्दापूरशी पाच वर्षांचं नातं कसं जोडणार? डोलीवाला त्याला मनातलं का सांगणार? ओजेटीचं तर सर्रास असं होतं की मुलं ओळखीच्या ट्रॅव्हल एजन्सीत जातात, माहितीपत्रकांच्या घड्या घालतात आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र घेऊन येतात. क्षेत्रभेट म्हणजे वार्षिक सहल, अहवाल म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलांच्या फायलीची प्रत. मुलं आळशी आहेत म्हणून हे होतं, असं मुळीच नाही. त्यांच्याकडून याहून जास्त कोणी मागत नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. कला शाखेच्या अनेक वर्गांत मुलींची संख्या मोठी असते. पण लेण्यांत, किल्ल्यांवर गाइड म्हणून दिसतात ते बहुतेक पुरुष. मुक्कामाची क्षेत्रभेट म्हटली की घरून नकार येतो. शेवटची एसटी साडेपाचची असते. प्रसाधनगृहाची सोय हा पर्यटनाच्या पुस्तकात 'पायाभूत सुविधा' या शीर्षकाखालचा एक मुद्दा असतो, त्या मुलीच्या दृष्टीनं तो हा व्यवसाय करता येईल की नाही हे ठरवणारा मुद्दा असतो. ज्या महाविद्यालयानं दिवसात जाऊन येता येईल अशी ठिकाणं निवडली, सोबत शिक्षिका पाठवली आणि पालकांनाच एकदा लेणी दाखवायला नेलं, तिथं हा नकार विरघळू शकतो. वेरूळ, खुलताबाद, कन्नड, फुलंब्री इथल्या मुलींना तर लेणं घराजवळ आहे. त्यांची आई-आजी घृष्णेश्वराला दरवर्षी जाते. ते देऊळ मालोजी भोसल्यांनी आणि पुढे अहिल्याबाईंनी दुरुस्त करवलं, हे सांगण्याचा पहिला हक्क खरं तर या मुलींचा आहे.

भाषेबद्दलही थोडं. स्थानिक मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून तो मागे पडतो, असं म्हटलं जातं. इंग्रजी हवं, जपानी शिकलेल्या गाइडांना अजिंठ्यात कामही मिळालं आहे. पण आलेल्या पर्यटकांत मोठा वाटा आपल्याच लोकांचा असतो, आणि त्यांच्यासाठी चांगल्या मराठीत, चांगल्या दखनी हिंदीत बोलणारा माणूस सहज सापडत नाही. ताम्रपट, विहार, चैत्य, अर्धमंडप हे शब्द पाठ असतात. पण नगरहून आलेल्या शेतकरी कुटुंबाला चैत्य म्हणजे काय हे दोन वाक्यांत समजेल असं सांगणं ही वेगळी विद्या आहे. तिला अभ्यासक्रमात क्रेडिट नाही.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं बारा किल्ले जागतिक वारशात गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तामिळनाडूतला जिंजी. आनंदाचे फटाके वाजले, फलक लागले. पण साल्हेरचा पायथा बागलाणात, आदिवासी पाड्यांत आहे. सुवर्णदुर्गला जायचं तर हर्णैच्या कोळ्याची होडी लागते. खांदेरीला थळच्या कोळ्यांची श्रद्धा वेताळाशी जोडलेली आहे. वारशाच्या प्रस्तावात तटबंदी आणि डावपेच असणं साहजिक आहे. होडी, पाडा आणि वेताळ यांची नोंद करणं हे सटाणा, दापोली, अलिबागच्या महाविद्यालयांचं काम आहे, आणि ते कोणा बाहेरच्या सल्लागार कंपनीला द्यायचं कारण नाही.

२०२४ च्या जूनमध्ये नव्या रचनेत प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षाला असेल आणि तिच्या ओजेटीचे तास तेव्हा भरायचे आहेत. जागा आत्ताच ठरवाव्या लागतील. पुरातत्त्व विभागाच्या मंडळ कार्यालयाशी, ग्रामपंचायतींशी, पर्यटन महामंडळाशी, परवानाधारक गाइडांच्या संघटनांशी महाविद्यालयांनी करार करावेत. प्रत्येक मुलानं एका अनुभवी गाइडबरोबर ठरावीक दिवस फिरावं आणि तो काय सांगतो, पर्यटक काय विचारतात हे लिहून काढावं. इतिहासाच्या शिक्षकानं त्यातलं खरं-खोटं त्याच्याबरोबर बसून तपासावं, समाजशास्त्राच्या शिक्षकानं न विचारलेले प्रश्न शोधावेत, अर्थशास्त्राच्या शिक्षकानं पैशाचा हिशेब मांडायला लावावा. गुण तिघांनी मिळून द्यावेत आणि वर्कलोड तिघांत वाटून धरावा, अशी तरतूद विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना एका ठरावानं करता येते. आणि दौलताबादच्या गटाला पहिल्याच दिवशी, किल्ल्याच्या दरवाजाबाहेर, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधली ती पानं मोठ्यानं वाचायला द्यावीत.